बसून शिवण्यासाठीचा पाय

वाळूजच्या कंपनीतली डिझाईनची नोकरी सोडून मी शहरातल्या कॉलेजात संशोधनाला लागले, तेव्हा मी नेमकं काय करते ते घरात कुणाला सांगता येईना. कृत्रिम पाय आधी संगणकावर बांधायचा आणि माणसाच्या अंगावर चढवण्याआधीच तो कुठं टोचेल ते शोधायचं, एवढंच माझं काम. लासूर स्टेशनला राहणाऱ्या आत्याला मात्र ते लगेच कळलं. अपघातात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. मिळालेल्या कृत्रिम पायावर ती बाजारापर्यंत चालायची, पण पायानं चालवायच्या मशीनवर शिवायला बसली की वाटीची, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या भागाची, मागची कड गुडघ्याच्या मागं रुतायची.

माझ्या वडिलांनी शिलाई मशीनला मोटर बसवून द्यायची तयारी दाखवली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मोटर लावली तर मशीन शिवंल, दादा. मला शिवायचंय."

मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना हे सांगितलं. आमची सगळी मॉडेलं चालणाऱ्या माणसाची होती. बसून पायडल मारणारं त्यात कुणी नव्हतंच. मग तेच कर, असं त्या म्हणाल्या. आत्या शहरात आली, पायाचं स्कॅन झालं. दाब जास्त तिथं रंग लाल, हे मी तिला समजावलं आणि स्क्रीनवरचा गुडघा वाकवला. मागची कड लाल झाली.

"व्हय, हितंच," आत्या म्हणाली. मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

कड खाली उतरवली की गुडघा मोकळा व्हायचा, पण चालताना वाटी सैल पडायची. कितीतरी आठवडे यात गेले. एक वाटी तिनं थोड्याच वेळात काढून ठेवली, नाय जमत म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा टाकला. शेवटी गुडघ्यामागून स्नायूंच्या दोन ताठ दोऱ्या जातात तेवढ्याच जागी कड खोलगट केली, पायडल दाबता यावं म्हणून कृत्रिम पायाच्या घोट्याला लवचीक पट्टी दिली, आणि स्क्रीनवरचा लाल रंग ओसरला.

दिवाळीच्या आधी ती वाटी घेऊन मी लासूरला गेले. आत्यानं पाय चढवला, अंगणात फेऱ्या मारल्या आणि मशीनवर बसली. पायडल सुरू झालं. उशीचा एक अभ्रा झाला, मग दुसरा. शेजारीण ब्लाऊजचं माप द्यायला आली, तिलाही तिनं थांबवून ठेवलं. मी ओट्यावर शेंगा खात बसले होते, आणि लई बरं वाटत होतं.

पुण्याची एक नोकरी तेव्हा चालून आली होती; मी घेतली नाही. आता प्रयोगशाळेत नवं माणूस आलं की त्याला चालायला लावण्याआधी आम्ही विचारतो, बसून काय काय करता? परवा गंगापूरकडचे एक गृहस्थ म्हणाले, भजनात तबला वाजवतो. सध्या त्यांची मांडी संगणकावर घालून बघतेय.