फ्लडलाइटखालची पोवळी

आळीत वीज गेली की एकच हाक जायची, "अहो फ्यूज, या जरा!" टोपणनाव इतकं चिकटलं होतं की खरं नाव त्याचं त्यालाच आठवावं लागे. आयुष्यभर वायरमनचं काम केलेला माणूस. खेळाच्या मैदानांवरचे फ्लडलाइट त्याने उभे केले, आणि त्याच्या कामावर कधी कुणाला साधा झटका बसला नाही. याचा त्याला ताठा होता. बाकी ताठा मिरवावा असं फारसं काही नव्हतं. बोलणं तुसडं, खिशात कायम टेस्टर, आणि ओल्या हाताने प्लग लावताना दिसला तर सख्ख्या मेहुण्याचीही खैर नसायची.

बायको कापडगिरणीच्या रंगखात्यात होती. सुताची लड नमुन्याशेजारी धरायची आणि "एक छटा कमी आहे, परत न्या," म्हणायची. तिचा शब्द शेवटचा. निवृत्त झाल्यावर तिने बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि तीत पोवळी वाढवली. दगडासारखी दिसतात, पण जिवंत असतात ती. एक मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं, हिरवं. एक जांभळ्या बोटांचं, पाण्याबरोबर डुलणारं. त्यांच्यावर तिने स्वतः पारखून निळसर दिवे लावले होते.

वायरमनला ते दिवे बघवायचे नाहीत. "हा काय उजेड? माश्या मारायच्या यंत्रात असतो तसला."

"यांचं पोट उजेडावर भरतं. आणि यांना हाच मानवतो."

"आणि तुझं कशावर भरतं?"

"माझं तुमचं तोंड बघूनच भरतं. जेवायची इच्छाच राहत नाही."

असं त्यांचं चालायचं. बरं चालायचं.

मग तिच्या डोळ्यांचे पडदे झिजायला लागले. आधी सुईतला दोरा गेला, मग बसचा नंबर, मग समोरच्याचा चेहरा. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जाणारं थांबवता येणार नाही. ती रडलीबिडली नाही. फक्त खुर्ची टाकीला भिडवून, काचेला नाक टेकवून बसायला लागली.

एक दिवस म्हणाली, "अहो, हिरवंही दिसेनासं झालं हो. जांभळं आधीच गेलं होतं."

एवढंच म्हणाली. पण वायरमनच्या हातातला चहा गार झाला. अंधारावर त्याने जन्मभर एकच उपाय केला होता, तोच त्याला सुचला. तरी तो आधी शोभेच्या माशांच्या दुकानात गेला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

दुकानातली बाई म्हणाली, "पांढरा झोत नको, काका. पोवळ्यांना निळा जास्त लागतो. आणि नवा दिवा आधी अगदी मंद ठेवायचा, मग हळूहळू वाढवायचा. एकदम पूर्ण सोडलात तर भाजून निघतील."

"दिव्यातलं मला शिकवतेस? झटका बसायला नको, एवढं सांभाळायचं. बाकी उजेड तो उजेड."

"झटक्याचं नाही हो म्हणत मी..."

पण काका पायऱ्या उतरले होते.

माळ्यावर मैदानातला एक जास्तीचा फ्लडलाइट पडून होता. तो त्याने टाकीवर बसवला, आणि काय बसवला! आर्थिंग तपासलं. जरा गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर लावला. दिवा दोन साखळ्यांवर टांगला, एक तुटली तरी दुसरीने धरावा. वायरला सॉकेटच्या खाली झोळ दिला, म्हणजे पाणी ओघळलं तरी झोळातून खाली ठिबकेल, प्लगात शिरणार नाही. बोट ठेवायला जागा नव्हती. सुरक्षित दिवा म्हणजे माणसाला न मारणारा दिवा, हेच तो शिकला होता. पाण्यातल्यांना नुसता उजेडही मारू शकतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्याने बटण दाबलं.

"अगं बाई!" ती खुर्चीतून अर्धी उठली. "वळ्या दिसतायत! अहो, एकेक वळी दिसतेय!"

वायरमन दुसऱ्या खोलीत जाऊन उगाच टेस्टर पुसत बसला.

थोड्याच दिवसांत हिरवं फिकं पडलं. जांभळी बोटं आखडली, मग पांढरी झाली. त्याला ते दिसत होतं. गंमत अशी, आणि याला गंमत म्हणवत नाही, की पांढरं तिला जास्त चांगलं दिसायचं.

"आज तर आणखी ठळक! काय केलंत?"

"काच पुसली."

"हिरवं कसं आहे?"

"हिरवंगार."

दिवा मंद करावा तर हिचं दिसणं जाणार, तसाच ठेवावा तर पोवळी जाणार. रोज सकाळी तो बटणापाशी उभा राहायचा आणि रोज पूर्ण झोत सोडायचा.

एका सकाळी तिने काचेपासून तोंड मागे घेतलं. "पाण्याला वास मारतोय."

"कसला?"

"कसला म्हणजे? मेल्याचा." मग बऱ्याच वेळाने, "जांभळं गेलं ना?"

त्याने खिशातला टेस्टर काढला आणि परत ठेवला.

"आणि मी पांढरं बघून हरखत बसले. रंगखात्यात असते तर हाकलली असती मला."

"तुला दिसत होतं गं, म्हणून..."

"उतरवा तो दिवा. माझे जुने लावा."

"मग तुला काहीच..."

"माझं बघून झालंय. उतरवा म्हटलं ना!"

त्याने उतरवला. दुकानात जाऊन खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. जुने निळे दिवे मंद करून लावले, पाणी बदललं, मेलेलं जांभळं काढून टाकलं. मेंदूसारखं मात्र पांढरं फटक पडून होतं. मेलं नव्हतं, जगतही नव्हतं. दुकानातल्या बाईने बजावलं होतं, "त्याला हात लावू नका. नवी कातडी आली तर ती बोटाच्या स्पर्शानेही फाटते."

दरम्यान तिचं उरलंसुरलं दिसणंही विझलं. संध्याकाळी तो तिच्याशेजारी बसायचा आणि सांगायचा, "आज जरा रंग धरलाय." काही धरलेलं नसायचं. तिलाही ते कळायचं. खोटं बोलताना त्याचा आवाज बारीक व्हायचा. ती "हो का? छान," म्हणायची.

असे बरेच महिने गेले. आणि एका संध्याकाळी मेंदूच्या खोल वळीत, अगदी तळाशी, नखाएवढा हिरवा रंग होता. वायरमनने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. होता.

"अगं, आला! हिरवा आला!"

"बरं."

"खरंच! शपथेवर सांगतो!"

"छटा कुठली?"

त्याला हिरव्यातलं काय कळणार? त्याला वायरीचा हिरवा माहीत. जीव एकवटून तो म्हणाला, "मटारच्या शेंगेसारखी. आतल्या बाजूने असते ना, तशी. ओली."

ती हसली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "किती छान सांगता हो हल्ली. सराव झालाय तुम्हाला."

त्याने तिचा हात धरला आणि टाकीवर नेला. बोटं पाण्याच्या वर वीतभर होती. बोट टेकलं असतं तर तिला कळलं असतं, मेलेलं खरखरीत लागतं आणि हे मऊ लागलं असतं. तो तसाच थांबला. मग हात मागे घेतला आणि पंच्याने एकेक बोट पुसायला लागला.

"हे काय करताय?"

"ओल्या हाताने प्लगला शिवशील."

हात कोरडाच होता.