भावजींनी बसवलेलं लाँचचं इंजिन

उभ्या मुळशी तालुक्यात देवावर खरा नाराज माणूस एकच, माझे धाकटे दीर. तक्रार एवढीच, की देवाने माणूस घडवला आणि त्याला बॉनेट ठेवलं नाही. "उघडून बघायची सोयच न्हाई वैनी, मग डाक्टर तरी काय करनार?" मला ताप आला की "रेडिएटरमदलं पानी आटलंय, ताक प्या", गुडघे दुखले की "बुश झिजलेत, चढावर दम खात जावा". तरुणपणी आम्ही त्यांच्यासाठी मुलगी बघायला मुठ्याला गेलो, तर पोहे यायच्या आत हे पांढऱ्या शर्टासकट तिच्या बापाच्या ट्रॅक्टरखाली! परतताना मी विचारलं, "कशी वाटली?" तर म्हणाले, "नोझल चोंदलं हुतं, बाकी यकदम खणखणीत." पुढे ट्रॅक्टर झकास चालल्याचा निरोप आला, लग्नाचा काही आला नाही.

त्यांचा संसार म्हणजे सासऱ्यांनी घेतलेली गोल नाकाची जुनी पिकअप. हिच्यापायीच मी या माले गावात आले म्हणा ना! मी पुण्याची, थोडं कॉलेज शिकलेली आणि त्याहून जास्त शहाणी. स्थळाकडून कळलं, "घरची मोटार आहे." तेवढ्यावर मी हुरळले, पेठभर सांगत सुटले आणि मोटारीत शोभावा म्हणून गॉगलसुद्धा घेतला. लग्नाच्या दिवशी मोटार आली ती मागे भाताचा पेंढा आणि एक म्हैस घेऊन. ती नवरी सबंध पौड रस्ताभर गॉगलवर रुमाल धरून बसली होती, आणि मागच्या खिडकीतून डोकावणारी म्हैस तिच्यापेक्षा कितीतरी घरंदाज दिसत होती!

तर यंदा त्या पिकअपचं इंजिन कायमचं जाम झालं. आमच्या चिरंजिवांना तेवढंच हवं होतं. ते हिंजवडीला नोकरीला. त्यांना गाडीची शेड पाडून भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या. "काका, रविवारी भंगारवाला येतोय. त्याच्यासमोर गाडी स्वतःच्या बळावर रस्त्यापासून अंगणापर्यंत चढली, तर राहील. नाहीतर जाईल." आमचा चढ असा, की शेळीसुद्धा मध्ये थांबून विचार करते.

भावजींनी जेवण सोडलं आणि इंजिन शोधलं. धरणाच्या पाण्यात पूर्वी फिरणाऱ्या एका लाँचची दोन इंजिनं पडून होती, त्यातलं एक त्यांनी उचलून आणलं. जांभळाच्या फांदीला साखळी बांधून ते खाली सोडताना मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पट्ट्या वेल्डिंग करून झाल्या आणि बॉनेटखालून आवाज आला, "बसलं! वैनी, नथीगत बसलं!"

रविवारी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने पिकअप ओढून खाली रस्त्यावर नेली. बांधावर निम्मं गाव, भंगारवाल्याचा टेम्पो मागेच उभा, चिरंजीव हाताची घडी घालून. भावजींनी चावी फिरवली आणि असा गडगडाट झाला की खाचरातले बगळे उठले. टाळ्या! भावजींनी पहिला गिअर टाकला आणि गाडी सुसाट निघाली. मागे! सरळ टेम्पोवर! भंगारवाला उडी मारून बांधावर. ब्रेक दाबून दुसरा गिअर टाकला, तर आणखी जोरात मागे, टेम्पो वीतभरावर. रिव्हर्सने कदाचित पुढे गेली असती, पण त्या गिअरचे दात केव्हाच पडलेले.

तेव्हा भावजींच्या डोक्यात उजेड पडला. लाँच सरळ जावी म्हणून तिचं एक इंजिन उजवं फिरायचं, एक डावं. यांनी नेमकं उलटं फिरणारं आणलं होतं. त्यांनी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. भंगारवाल्याने दोर सोडायला घेतला. "असू द्या काका," चिरंजीव हळूच म्हणाले.

मला राहवेना. "चढायचं एवढंच ठरलंय ना रे? तोंड कुणीकडे ठेवायचं, ते कुठे ठरलंय?"

बांधावर एकच हशा. पोरांनी ढकलून गाडीची पाठ चढाकडे केली. पण भावजींची मान वळत नाही, आणि मागची खिडकी पोस्टकार्डाएवढी. मी पदर खोचला आणि मागच्या हौद्यात चढले.

"आई, उतर!"

"तू गप ऱ्हा! चला भावजी!"

काय सांगू! काळा धूर, फुफाटा, हाडं खिळखिळी, आणि मी हौद्याची कड धरून गर्जतेय, "जांभळाकडं! आता गोठ्याकडं! अहो, गोठ्याकडं, गोठ्यात न्हाई!" अर्ध्यावर इंजिन घुटमळलं. "वैनी, दमली वं!" "ती न्हाई, तुम्ही दमलात! दाबा!" त्यांनी दाबलं. आम्ही पाठमोरे, वाजतगाजत अंगणात शिरलो आणि तुळशीपासून हातभर अंतरावर थांबलो. चिरंजीव हसत हसत वर आले. भंगारवाल्याला चहा पाजून त्यांनी रिकामाच परत पाठवला.

पौडचा मिस्त्री म्हणतो, मागचा अ‍ॅक्सल उलटा करून बसवला की गाडी सरळ चालेल, सकाळभराचं काम. भावजी म्हणाले, भात निघू दे. भात निघाला. मग म्हणाले, दिवाळी होऊ दे. दिवाळीही झाली. संध्याकाळी आम्ही शेतातल्या वाटेने पाण्यापर्यंत जाऊन येतो, भावजी आत, मी मागे उभी, ओरडत. मिस्त्रीचा विषय मीही काढत नाही. गाडी सरळ चालायला लागली, की त्यांना वाट सांगायला कोणी लागणार नाही.