मोकळेरावांची झाडलोट

धुकं इतकं दाट की आठ वाजले तरी इस्पितळाच्या फाटकावरचा दिवा पेटलेलाच होता. मोकळेरावांनी सर्व्हरच्या खोलीत शिरताच स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या आणि पडद्यावरचे मेमरीचे पट्टे मोजले. बारा. बाराही हिरवे, म्हणजे रिकामे. गडी खूश.

खरं नाव हजेरीपटात असेल. पण 'मेमरी मोकळी हवी' हे येता-जाता ऐकवून ऐकवून हेच नाव चिकटलं होतं. एका मोठ्या यंत्राच्या पोटात बारा व्हर्च्युअल मशीन थाटलेली: एकात नोंदणी, एकात औषधं, एकात तपासण्यांचे अहवाल. प्रत्येकाला वाटे आपलं बिऱ्हाड वेगळं. डिस्क, म्हणजे फायलींचं गोदाम, मात्र सगळ्यांत एकच आणि तेही संथ. नुकतीच वाचलेली फाइल पुन्हा लागली तर डिस्कपर्यंत हेलपाटा नको, म्हणून ही मशीन ती मेमरीत हाताशी ठेवत. याला कॅश म्हणतात. मोकळेराव त्याला पसारा म्हणत. भरलेली मेमरी त्यांना बघवत नसे. म्हणून दर तासाच्या ठोक्याला बाराही कॅश झाडून काढायचा हुकूम त्यांनी यंत्राला देऊन ठेवला होता, आणि दर सोमवारी हिरवे पट्टे दाखवून अधीक्षकांची शाबासकी घेत होते.

घरीही तोच खाक्या. "टेबल मोकळं दिसावं म्हणून कात्री माळ्यावर!" बायको शिडीवरून ओरडे. "एक दिवस मलाही ठेवाल वर."

त्यांची थोरली बहीण याच इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसे. त्या दिवशी पावणेबाराला ती धाडकन दार ढकलून आत आली.

"उद्यापासून मला तळघरात, जुन्या फायलींत पाठवतायत. एक वाजता सही होणार. म्हणे माझा हात मंद आहे, रांग खोळंबते."

"मग जरा भराभर टाइप कर ना, ताई."

"थोबाड फोडीन! हे बघ." तिने केसपेपरच्या पाठीवर वेळा टिपल्या होत्या. "नऊ, दहा, अकरा. बरोबर ठोक्याला पडदा गोठतो, दहा मिनिटं हलत नाही. ठोक्याला तू काय करतोस?"

"सफाई."

"कशाची?"

"वाचून झालेल्या फायलींची. मेमरीतून काढतो."

"म्हणजे मी आत्ता उघडलेला पेशंट तू परत गोदामात नेऊन टाकतोस? आणि बाराही ठिकाणचे एकदम?"

"अगं, रिकामी जागा लागते. उद्या गरज पडली तर?"

"गरज पडली तर ते यंत्र आपणहून जागा करून देत नाही?"

मोकळेरावांनी चष्मा पुसला. दोन्ही काचा. मग पुन्हा पहिली.

"देतं," ते म्हणाले.

"मग तुला पगार कशाचा मिळतो रे?"

बाराला चार मिनिटं असताना त्यांनी हुकूम मागे घेतला. बारा वाजले. ताई खिडकीवर परतली होती. रांग सरकत राहिली. इकडे पट्टे पिवळे झाले, मग लाल, आणि स्वतःचीच नाडी बघत बसल्यासारखे मोकळेराव खुर्चीला खिळले. साडेबाराला ताईने येऊन त्यांची बाही धरली आणि अधीक्षकांसमोर उभं केलं.

अधीक्षकांनी आधी भिंतीवरचा पडदा पाहिला. "हे लाल काय? गेल्या सोमवारी तर सगळं हिरवं होतं."

"तेव्हा रिकामं होतं, साहेब. आता वापरात आहे. लागली तर जागा सुटते."

"आणि रांग?"

"रांग... थांबवली जात होती."

"कुणाकडून?" ताईने विचारलं.

मोकळेरावांनी छताकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"माझ्याकडून."

अधीक्षकांनी बदलीचा कागद उभा फाडला. "बाई, तुम्ही खिडकीवरच. आणि तुम्ही, तीन वर्षं मला रिकामी भांडी दाखवून शाबासकी घेत होतात?"

"चकचकीत होती, साहेब," मोकळेराव पुटपुटले.

बाहेर येताच ताई म्हणाली, "आता तोंड काय बघतोस? प्रिंटरमध्ये कागद अडकलाय सकाळपासून."

मोकळेरावांनी बाह्या वर केल्या, खिडकीमागे उकिडवे बसले आणि प्रिंटरचं मागचं झाकण उघडलं.