चिखल्या नव्हत्या त्या

"तुम्हा लोकांना फुकटाचं पचत नाही."

हे डॉक्टर मला म्हणाले. चंद्रपूरच्या ज्या दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, तिथे. दार उघडं होतं. बाहेर बाकावर पंधरा-वीस जण बसलेले. माझी बाटली त्यांनी टेबलावर उलटी केली आणि पेनाच्या टोकाने गोळ्या सरकवत मोजल्या. बोट लावलं नाही. अकरा निघाल्या. एकही उरायला नको होती.

सरकार खर्च करतं, तुम्ही खेळ मांडता, असंही म्हणाले. बाहेरच्यांनी ऐकलं. मी मान खाली घातली.

त्या अकरा गोळ्या मी खरेपणाने आणल्या होत्या. त्याच्या आदल्या महिन्यात मी त्यांना फसवलं होतं, आणि तेव्हा त्यांनी मला शाबासकी दिली होती.

मी मूल शहराजवळच्या खेड्यातली. नवरा ट्रकवर होता. तो गेला, जाताना हे दुखणं मला देऊन गेला. मी नुसता हाडांचा सापळा झाले होते. गोळ्या सुरू झाल्या आणि जगले, ते नाकारणार नाही. चार महिन्यांत पुन्हा रोवणीला उभी राहिले. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावायचे, पाय चिखलात. तिथेच तळपाय जळायला लागले.

आमच्याकडे रोवणीत बायांच्या पायांना चिखल्या होतातच. बोटांच्या बेचक्या कुजतात, आग होते. त्यावर मेंदी लावतात. मलाही वाटलं, चिखल्याच. मेंदी लावली, कडुनिंबाचा पाला वाटून लावला. सोबतच्या बाया चिडवायच्या, दुसरं लग्न ठरलं का म्हणून. दवाखान्यात सांगितलं, तर डॉक्टरांनी खुर्चीवरूनच मलम लिहून दिलं. म्हणाले, "चिखलात राहता, चिखल्या होणारच." शिकलेला माणूस आणि अडाणी बाई, दोघांची चूक एकच. फरक एवढाच, की पाय माझे होते.

धान कापून झालं. बांध्या कोरड्या पडून भेगाळल्या. सगळ्या बायांचे पाय बरे झाले. माझे जळतच राहिले. आणि आता बधिरही. रस्त्याने चालताना चप्पल पायातून निघून जायची, मला कळायचंही नाही. तेव्हा उमगलं. ही आग चिखलाची नाही. गोळ्या सुरू झाल्यावर लागली, गोळीची आहे.

मग मी संध्याकाळची गोळी चुकवायला लागले. कोणाला विचारणार? पण महिन्याच्या महिन्याला बाटली मोजतात. म्हणून उरलेल्या गोळ्या बांधावर उकरून मातीत पुरल्या आणि रिकामी बाटली घेऊन गेले. डॉक्टर खूश. बाहेरच्यांना म्हणाले, हिच्याकडून शिका. मी हसले. इतकी लाज मला नवऱ्याच्या मयतीत लोक कुजबुजत होते तेव्हाही वाटली नव्हती.

त्या बाकावर एक आपा असायच्या. मूलच्या, बांगड्यांच्या दुकानवाल्या घरातल्या. त्यांचेही पाय जळायचे. त्याच दिवशी त्यांनी मला बाजूला नेलं. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं असावं.

"माह्या भाईनं बी असंच केलं. बंद केल्या गोळ्या. सहा महिन्यात दफन केलं त्याले," त्या म्हणाल्या. "तुले तं पोरगी हाये ना?"

पोरगी आहे. तेव्हा तिसरीत होती. तरी मी संध्याकाळची गोळी चुकवतच राहिले. अकराव्या दिवशी मला ताप भरला, तोंडात पुन्हा पांढरे चट्टे आले. मी घाबरले. महिन्याच्या सुरुवातीला अकरा चुकवल्या होत्या, त्यानंतर एकही चुकवली नाही. आणि त्या अकरा पुरल्याही नाहीत. खरं सांगायचं ठरवून घेऊन गेले, आणि 'फुकटाचं पचत नाही' ऐकलं.

डॉक्टरांनी पुढचं नाव पुकारलं. मी उठले नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात. मी पाय धरले नाहीत. स्वतःचा पाय उचलला आणि टेबलावर ठेवला. गोळ्यांच्या शेजारी.

"पहिले पाय पाहा, साहेब. मंग गोळ्या मोजा."

"खाली घ्या पाय."

"नाई घेत. पाय जळते म्हणून कागदावर लिहा. लिहल्याबिगर मी इथून उठत नाई."

मग सिस्टरनेच टाचणी आणून दिली. डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्या अंगाला हात लावला. अंगठ्याला टोचलं, मला कळलं नाही. तळव्याला टोचलं, कळलं नाही. त्यांनी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते. माफी मागितली नाही.

गोळी बदलली. नव्या गोळीने मळमळतं, रक्त कमी होतं का ते तपासत राहावं लागतं. तळपायांची आग उतरली, गेली नाही. आता तेच डॉक्टर सांगतात, उशीर झाला, पूर्ण जाणार नाही. कोणी उशीर केला ते सांगत नाहीत. याचा राग मला आजही आहे आणि तो मी सोडणार नाही.

आता आत गेले की आधी अंगाचं गाऱ्हाणं सांगते. ते कार्डावर लिहायला लावते, घरी येऊन लेकीकडून वाचून घेते. नवी बाई आली की तिलाही तेच शिकवते. गोळी सोडू नको, आणि काय होतं ते लपवू नको. डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात. घालू देत.

सकाळी आठ, संध्याकाळी आठ. जीव आहे तोवर मी गोळ्या घेणार. मुकाट्याने घेणार नाही.