मोठ्या बॅगेचं खोगीर

हसणार नसाल तरच सांगतो. जाऊ दे, ते काही तुम्हाला जमायचं नाही. हसा, पण हातातला कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या साडूंनी अख्खा चहा सोफ्यावर सांडला होता आणि बोलणी मला बसली होती.

तर मी माणूस लांज्याचा. झाडाशिवाय शिकार ही कल्पनाच माझ्या डोक्यात नाही. आमच्याकडे भात तयार झालं की रानडुकरं उतरतात. लहानपणी काका मला झाडावरच्या माळ्यावर घेऊन बसायचा, हातात पत्र्याचा डबा द्यायचा. डुक्कर दिसलं की डबा बडवायचा. माझा शिकारीचा अनुभव म्हणाल तर एवढाच. त्यातही एकदा ऐन वेळी डबा हातातून निसटून खाली पडला होता, ते वेगळंच.

आणि असला हा डबा बडवणारा माणूस दुबईत जाऊन वाघाचा शिकारी कसा झाला? तेच तर सांगतोय!

मंदीचे दिवस होते. २००८ संपून २००९ लागलं होतं. आम्ही दुबईतल्या करामा भागात राहायचो. मी, बायको नीलिमा आणि तिसरीतली ईशा. नोकरी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत, एस्टिमेशनला. म्हणजे बिल्डिंगला सिमेंट किती, सळई किती, याचा अंदाज काढायचा. आता बिल्डिंगाच बंद पडल्यावर अंदाज कसला काढता, कपाळ? रोज कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर पांढरं पाकीट यायचं. कंपनीतली खोगीरभरती कमी करायची ठरली होती, आणि खोगीरभरती कोण, हे ज्याचं त्याला मनातून ठाऊक होतं.

माझं मागणं फार नव्हतं हो. मार्चमध्ये ईशाची वार्षिक परीक्षा. तोपर्यंत व्हिसा टिकला पाहिजे. त्याआधी गाशा गुंडाळावा लागला तर पोरीचं वर्ष फुकट.

अशात एक दिवस अरबाबने बोलावलं. अरबाब म्हणजे आमचे मालक. वय झालेले, मोजकं बोलणारे. जुन्या अरबांसारखं हिंदी छान बोलायचे, फक्त व्याकरण त्यांचं स्वतःचं. बराच वेळ माझ्याकडे नुसते बघत बसले. मग एकदम म्हणाले,

"पाटकर, तुम्हारा मुल्क में शिकार है?"

सुटलोच मी! "है ना अरबाब! हम लोग पेड पे बैठके शिकार करता!"

"किसका शिकार?"

आली का पंचाईत? ज्या प्राण्याचं नाव त्यांच्यासमोर काढायची सोय नाही, नेमका तोच आमचा प्राणी. ससा म्हणावं तर किरकोळ वाटणार. आणि जीभ जी घसरली...

"बाघ का!"

अरबाब खुर्चीत पुढे सरकले. "बाघ! पेड पे बैठके?"

"पूरा खानदान, अरबाब."

"जुमा को आओ. हम शिकार पे जाता."

घरी मी नाचतच आलो. नीलिमाला म्हटलं, "लोकांना पाकिटं मिळतायत आणि मला शिकारीचं आमंत्रण! ज्याला काढायचंय त्याला कुणी शिकारीला नेतं का?"

"अहो, पण तुम्हाला शिकार कुठे येते?"

"झाडावर बसायचं असतं. त्यात न येण्यासारखं काय आहे?"

पण नुसतं बसून कसं चालेल? खानदानी शिकाऱ्याकडे साहित्य नको? इंटरनेटवर शोधलं तर अमेरिकेतले शिकारी चक्क झाडावरचं खोगीर वापरतात! कमरेपासून मांड्यांपर्यंत पुरेल असा रुंद पट्टा, त्याला दोरी, दोरी झाडाला. माणूस त्यात आरामात लोंबकळत बसतो. किंमत डॉलरमध्ये होती. मी तिचे दिरहम केले, दिरहमचे रुपये केले आणि कॉम्प्युटर बंद केला. मग पुन्हा चालू केला, कारण एका भल्या माणसाने ते घरी कसं शिवायचं तेही लिहिलं होतं.

मशीन घरात होतं, नीलिमाचं, साड्यांना फॉल लावायचं. मजबूत कापड कुठून आणायचं? विचार करत वर बघतो तर कपाटावर आमची मोठी बॅग! गावाला जाताना सगळी आखाती मंडळी भरतात ना, तीच. तिसाच्या जागी चाळीस किलो कोंबलं तरी हूं की चूं करत नाही. घेतली कात्री.

नीलिमा बाजारातून आली आणि दारातच थबकली. "बॅग कापलीत? उद्या नोकरी गेली तर सामान कशात भरणार?"

"म्हणून तर कापली! आता जायचंच नाहीये आपल्याला!"

तिने अबोला धरला. कडक. मला सुया सापडेनात, बॉबिन भरता येईना, पण विचारणार कुणाला? एक सुई मोडली, दुसरी मोडली. झाडावरून पडून मरायला नको म्हणून प्रत्येक शिवण आडवी, उभी, तिरकी मारली. हात इतका बसला की थांबवेना. शेवटी ते घालून हॉलमध्ये उभा राहिलो.

ईशाने वर बघितलं. "बाबा, इट लुक्स लाइक अ डायपर."

नीलिमा माझ्या मागच्या बाजूकडे बघत होती. तिचे ओठ हलल्यासारखे झाले, पण अबोला तो अबोला. बोलली नाही. बोलली असती तर आज मी तुम्हाला हे सांगत बसलो नसतो.

शुक्रवारी अरबाबची मोठी पांढरी गाडी आली. चालवायला त्यांचा जुना ड्रायव्हर खान. मागे एका लाकडी दांडीवर, डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून ससाणा बसलेला. उम्म अल कुवैनच्या पुढे गाडी रस्ता सोडून आत शिरली. मी बाहेर बघतोय. वाळू. मग आणखी वाळू. मग एक उंट. मग वाळू.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. इथली शिकार म्हणजे ससाणा! हातावर बसवायचा, दोरीला बांधलेली पिसं गरगर फिरवायची आणि त्याला झेप शिकवायची. झाडाचा संबंधच काय? दहा वर्षांहून जास्त या देशात काढली आणि खोगीर शिवताना एकदाही मनात आलं नाही की बाबा रे, झाड कुठाय?

मी खोगिराची पिशवी हळूच सीटखाली सरकवली. पण अरबाब मोठ्या मनाचे. म्हणाले, "पाटकर, तुम्हारे लिए आज दूर आया. उधर पेड है."

आणि खरंच होतं! एकुलतं एक घाफचं झाड. घाफ म्हणजे आपली शमीच हो. पांडवांनी निदान शस्त्रं टांगली होती, माझ्यावर स्वतःला टांगायची वेळ आली.

"दिखाओ. बाघ का शिकार."

नाही कसं म्हणणार? खोगीर चढवलं, गाडीच्या टपावर उभा राहिलो, फांदीला दोरी बांधली, खानने गाडी पुढे घेतली आणि मी लोंबकळलो. शिवण टिकली, बरं का! अहो, बॅगच तशी होती. पण लोंबकळलेला माणूस स्वस्थ राहत नाही, तो फिरतो. मी हळूहळू गोल फिरायला लागलो. अरबाब, खान, वाळू, उंट. पुन्हा अरबाब, खान, वाळू, उंट. उंटावरचा शहाणा तुम्ही ऐकला असेल. इथे उंट खाली होता आणि शहाणा झाडावर.

अरबाब जवळ आले. माझी पाठ त्यांच्याकडे होती. एकदम गंभीर आवाज आला,

"पाटकर, तुमको कौन बताया?"

"क्या अरबाब?" मी उंटाला विचारलं.

फिरून समोर आलो तर त्यांचा चेहरा उतरलेला. "कि तुम मुंबई जाता."

"मैं? मुंबई?"

"इधर पीछे लिखा है."

कळलं? बॅगेवर काळ्या मार्करने मोठ्ठ्या इंग्रजी अक्षरांत मीच लिहिलेलं होतं. 'एस. पाटकर, दुबई ते मुंबई.' कापताना ती बाजू नेमकी माझ्या बुडाखाली आली होती. नीलिमाला दिसलं होतं! तिला वाटलं, मी मुद्दाम ठेवलंय.

आणि मग मी फिरत असताना अरबाब तुकड्यातुकड्यांनी बोलत राहिले. "इतना साल तुम काम किया... तुमको लिफाफा कैसे देगा... मैं बोला, मुँह पे बोलेगा... इधर, चाय के साथ..."

आमंत्रण कशाचं होतं ते आत्ता कळलं. ज्याला काढायचंय त्यालाच त्या भल्या माणसाने शिकारीला आणलं होतं! सगळं खरं सांगून टाकावं, वाघ नाही, खानदान नाही, नुसता डबा आहे, म्हणून तोंड उघडलं तर समोर उंट आला. पुन्हा अरबाब दिसले तेव्हा एवढंच निघालं, "अरबाब... मार्च में बेटी का इम्तिहान है."

बोलता बोलता माझे डोळे भरून आले. लटकलेल्या माणसाला डोळेही पुसता येत नाहीत, दोन्ही हात दोरीला.

अरबाब माझ्याबरोबर अर्धी फेरी चालले. मग माझा गुडघा धरून मला थांबवलं. "इम्तिहान तक रहो. व्हिसा मैं रखेगा. खलास. अब नीचे आओ."

पण नीचे येणार कसा? मजबुतीच्या नादात खोगीर सोडायचा पट्टाही मी आडवा, उभा, तिरका शिवून टाकला होता! खानने ओढून पाहिलं, दाताने चावून पाहिलं. शेवटी अरबाबने स्वतः सुरी काढून दोरी कापली आणि मी धप्पकन वाळूत बसलो. त्यानंतर ते जे हसायला लागले, डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत, ते थांबेचनात. मंदी आल्यापासून त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ससाण्याच्या डोळ्यांवर तेवढी टोपी होती, म्हणून माझी अब्रू त्याच्यापुरती शिल्लक राहिली.

ईशाने परीक्षा दिली. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी खान नवीकोरी मोठी बॅग घेऊन आला. आत माझं खोगीर, घडी घालून ठेवलेलं. "अरबाबने बोला, बाघ के काम आएगा."

पुढे पुण्यात नोकरी लागली. भाताच्या दिवसांत लांज्याला गेलो तर काका म्हणाला, माळा कुजलाय. म्हटलं, काळजी नको, साहित्य आहे! नीलिमाने मला मशीनला हात न लावू देता पट्टा नीट केला होता. संध्याकाळी आंब्याच्या झाडाला लोंबकळलो, हातात डबा. आणि खिशातला फोन वाजला.

"पाटकर! बेटी पास?"

"पास, अरबाब! फर्स्ट क्लास!"

"शुकरन लिल्लाह. और बाघ? बाघ मिला?"

फोन सावरताना डबा हातातून निसटला आणि खाली ठणठणत पडला. बघतो तर भातात डुकरीण! मागे पिल्लांची रांग. डब्याच्या आवाजाला कुणी भीक घालेना.

"मिला, अरबाब," मी कुजबुजलो. "एकदम नीचे है."

"मारो! मारो!"

"बच्चेवाली है, अरबाब. छोड दिया."

पलीकडून अरबाबचा भरून आलेला आवाज आला. "अच्छा किया पाटकर. बच्चेवाले को छोडना चाहिए. तुम बडा दिलवाला शिकारी."

आणि खाली त्या दिलवाल्या शिकाऱ्याचा डबा एक पिल्लू नाकाने ढकलत घेऊन चाललं होतं.