वर बायका, खाली पुरुष

सकाळी दूध आणायला जाताना ती दोघं मला रोज दिसतात. आमच्या वॉर्डात बेघरांसाठी नवा निवारा झाला आहे. त्याच्याच भिंतीला लागून, पण बाहेर, फुटपाथवर ती झोपतात. म्हातारा आंधळा आहे. जुन्या लुगड्याच्या पट्टीचं एक टोक त्याच्या मनगटाला बांधलेलं असतं, दुसरं म्हातारीच्या.

काल ती गाठ सोडत होती, तेव्हा मी विचारलं, "मावशी, आत खाटा रिकाम्या आहेत. बाहेर कशाला?"

"जाऊन आले की, दादा. बाया वर, बाप्ये खाली. ह्यो रातचा उठून रस्त्याला लागतो. वरनं कसा धरू?"

"हिला वाटतं मी पळून जाईन," म्हातारा म्हणाला.

"पळ की! चपला माझ्या उशाला हायेत."

दोघंही हसली. मला हसता आलं नाही. निवाऱ्याच्या समितीत मी होतो. नकाशा मीच फूटपट्टी घेऊन तपासला होता. खाटांची लांबी, दोन खाटांमधलं अंतर, खिडक्या, नळ, सगळं नियमाप्रमाणे होतं. एका इंचाचीही चूक निघाली नाही, याचा मला अभिमान वाटला होता. ज्यांना तिथे झोपायचं होतं, त्यांना मात्र आम्ही काहीच विचारलं नाही. माझी बायको माझ्या शेजारी झोपते, त्यासाठी मला कुणाच्या समितीची परवानगी लागत नाही.

खालून वर जायला अठरा पायऱ्या आहेत. त्या मी दोनदा मोजल्या होत्या. म्हातारीची पट्टी असेल जेमतेम दोन हात.