अडकित्त्याने तोडलेली गोळी

मुलींनो,

परवा फोनवर तुमच्यातली धाकटी म्हणाली, "आजी, छातीत सारखं धडधडतं म्हणून डॉक्टरांनी गोळी दिलीय. बरीच वर्षं घ्यावी लागेल म्हणतात. घेऊ का?" मी "लिहून कळवते" म्हणाले आणि दुसरंच काही बोलत राहिले. मला फोनवर ते सांगता आलं नसतं. तुमचे आजोबा गेल्यापासून ही हकीकत पुरती माहीत असलेलं माणूस मी एकटीच उरले आहे. मोठीनेही वाचावं. आपल्या घरात ही भीती एकीपाशी थांबत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमची आई प्राथमिक शाळेत होती. घरात मोठी माणसं तीनच: मी, तुमचे आजोबा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. त्या कोडोलीच्या शेतकरी घरातल्या. बोलणं मोठ्याने आणि तोंडावर. कमरेला पानाची चंची, तिच्यात एक लहान पितळी अडकित्ता.

एका सकाळी फळ्यावर लिहिता लिहिता मला वाटलं, आता मी मरणार. काहीही झालेलं नव्हतं. खडू हातात होता, पाठीमागे सगळा वर्ग बसला होता, आणि माझं काळीज इतकं जोरात उडत होतं की मुलींना ते ऐकू जाईल असं वाटलं. मी वाक्य पूर्ण केलं आणि खुर्चीत बसले. पुढे ते मंडईत झालं, मग बसमध्ये झालं. काही महिन्यांत मी मरणापेक्षा त्या धडधडीलाच जास्त घाबरू लागले. ती कुठे गाठेल याचा नेम नव्हता.

आमच्या घरच्या डॉक्टरांनी हृदय तपासलं, "हृदय उत्तम आहे" म्हणाले, आणि एक लहान पिवळी गोळी दिली. अर्ध्या तासात छातीवरचा दगड उतरला. इतकं सोपं होतं तर मी इतके दिवस का सोसलं, असं वाटलं. वर्षभर सुखाचं गेलं. मग एक गोळी पुरेना. डॉक्टरांनी ती वाढवली. मी रुमालाच्या टोकाला गोळी बांधून बाहेर पडू लागले आणि रुमाल विसरला तर अर्ध्या रस्त्यातून परत येऊ लागले. शिकवताना ओळखीचा शब्द जिभेवर येईनासा झाला. एकदा शिक्षकांच्या खोलीत मी बसल्या बसल्या झोपले.

त्या दिवशी मला नेसरीची मावशी आठवली. लहानपणी सुट्टीत आम्ही तिच्याकडे जात असू. तीही अशीच घाबरायची, म्हणून तिला सकाळ-संध्याकाळ कसलंसं पातळ औषध पाजत. दिवसभर ती सोप्यात भिंतीला टेकून असे. तोंड उघडं, माशी बसली तरी हात हलत नसे. लोक म्हणत, आता शांत आहे. त्या शांततेची मला धडधडीपेक्षाही धास्ती होती. गोळी सोडली तर भीती गाठणार, नाही सोडली तर मावशी. कुणाशी बोलायची सोय नव्हती. 'डोक्याचं औषध' हे शब्द शाळेत कुणाच्या कानावर गेले असते, तर मला वर्ग मिळाला नसता.

मग मीच ठरवलं. नवरात्र येत होतं. आत्याबाईंचे नऊ दिवसांचे कडक उपवास असत, मीही धरत असे. घरोघरी बायका नवरात्रात काही ना काही सोडत, कुणी चप्पल, कुणी गादी, कुणी चहा. मी घटासमोर हात जोडले आणि मनात म्हटलं, मी गोळी सोडते. इंग्रजी शिकलेल्या बाईला हे डॉक्टरांना विचारावं असं सुचलं नाही. सोडणं हे पुण्याचंच काम, त्यात धोका काय असणार?

पहिले दोन दिवस ठीक गेले. मला अभिमानसुद्धा वाटला. मग भांड्याचा आवाज सोसवेना. उजेड टोचू लागला. अंगावर मुंग्या चढताहेत असं वाटून मी पुन्हा पुन्हा हात झटकत होते. आत्याबाई म्हणाल्या, "उपासानं तसं हुतंय. राजगिऱ्याचा लाडू खा." पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर देवीपुढे कोहळा फोडतात, तिथे त्यांच्याबरोबर जायचं ठरलेलं होतं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

टेकडीवर माणसांना माणसं लागलेली. कोहळा फोडायची वेळ जवळ आली तशी हलगी वाजू लागली, आणि तो आवाज माझ्या हाडात शिरला. आधी बोटं थरथरली, मग हात, मग सगळं अंग. दातखिळी बसली. मी आत्याबाईंचा पदर धरायला गेले, तोल गेला आणि गुडघ्यांवर पडले.

कुणीतरी म्हणालं, "आली. अंगात आली."

मुलींनो, मी पूर्ण शुद्धीवर होते. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. एकीने माझा अंबाडा सोडला. दुसरीने कपाळभर कुंकू भरलं. "आई, बोल की," "रागावलीस व्हय गं आई?" असं चहूकडून चाललं होतं. मला ओरडून सांगायचं होतं की ही देवी नव्हे, मला इथून न्या. तोंड उघडत नव्हतं. आणि त्यातही मनाचा एक कोपरा हिशेब करत होता: देवी नाही म्हणावं तर मग ही बाई वेडी, एवढंच उरतं.

एक बाई पुढे सरकली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "पोरीला कबनूरचं स्थळ आलंय, यंत्रमागवाल्याचं. करू का?" तो स्पर्श मला सोसवेना. दात कसेबसे सुटले आणि मी म्हणाले, "नको."

तिने मान डोलवली, माझ्या पायाला हात लावला आणि गर्दीत नाहीशी झाली.

मग आत्याबाई माझ्या पाया पडल्या. त्यांचं कपाळ माझ्या पावलांवर टेकलेलं मी पाहिलं. त्या दिवशी याहून भयंकर काही झालं नाही.

आमच्याबरोबर टेकडीवर आलेल्या आजोबांनी मला रिक्षात घालून थेट डॉक्टरांकडे नेलं. केस मोकळे, कपाळावर मळवट. डॉक्टरांनी नाडी धरली आणि विचारलं, "गोळी कधी बंद केली?"

"घटस्थापनेला."

"कुणाला विचारून?"

"देवीला," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. "देवीनं मला विचारायला सांगितलं असतं. ही गोळी एकदम सोडली की अंग असंच उठतं. याहून वाईट होतं. फिट येते, माणूस जातं." त्यांनी तीच गोळी मला समोर बसवून दिली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं पुन्हा गेलो. डॉक्टर मिरजेच्या तज्ज्ञांशी बोलून आले होते. ते म्हणाले, हीच गोळी चालू ठेवता येईल, पण ती अशीच वाढत जाईल. दुसरी एक गोळी आहे, उदासीवर देतात, भीतीवरही चालते. ती रोज घ्यायची, बरं वाटो न वाटो. पहिले काही आठवडे उपयोग दिसणार नाही, उलट जास्त घाबरल्यासारखं होईल. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही. पण हिच्यासारखी 'आणखी दे' म्हणून मागणी करत बसणार नाही. तिचा जम बसला की पिवळी हळूहळू, कणाकणाने कमी करायची.

"आणि काहीच नको म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर तुम्ही आणि भीती. जमेल काहींना. तुम्हाला जमलेलं नाही."

घरी येताना आजोबा म्हणाले, "कोरड्या तोंडानं शिकवता येईल. झोपेत नाही यायचं." मला तेवढं धैर्य नव्हतं. औषध बदलून मी कोण होईन, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मावशीलाही कुणीतरी असंच समजावलं असेल. शेवटी मी हो म्हटलं, ते पटलं म्हणून नव्हे. टेकडी पुन्हा सोसवली नसती.

आत्याबाईंना सांगणं राहिलं होतं. त्या दिवसापासून त्या मला उष्टी भांडी उचलू देत नव्हत्या. एका दुपारी त्या सुपारी कातरत बसल्या असताना मी म्हणाले, "आत्याबाई, ती देवी नव्हती."

अडकित्ता थांबला. "मग काय हुतं?"

"गोळी. भीतीची गोळी खात होते. एकदम सोडली, म्हणून अंग थरथरलं."

कातरलेली सुपारी त्यांनी चंचीत भरली. मग म्हणाल्या, "म्हंजी मी गोळीच्या पाया पडले म्हण की."

मला हसू आलं आणि मी रडायला लागले. "रडू नगंस," त्या म्हणाल्या. "भ्या मलाबी वाटतंय. मी तमाखू खाते."

पिवळी गोळी कमी करण्याची पाळी आली तेव्हा अर्धी हाताने मोडायची, पाव करताना मात्र चुरा व्हायचा. आत्याबाईंनी चंचीतून अडकित्ता काढला, पदराने पुसला आणि गोळीचे चार तुकडे केले. पुढे ते काम त्यांचंच झालं. तुकडा लहान झाला की काही दिवस माझी झोप उडे, हात थरथरत, आणि दर वेळी मला खात्री वाटे की या वेळी जमणार नाही. त्या तुकडा तळहातावर ठेवून म्हणत, "घे गं बाई परसाद." पुढचं नवरात्र येईपर्यंत पिवळी सुटली. दुसरी सुटली नाही. नाव आणि रंग बदलत ती आजही चालू आहे. वर्गात माझ्याजवळ पाण्याचा तांब्या असे. मुली त्यावरून मागे काहीतरी म्हणत, आणि मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं.

कबनूरच्या स्थळाचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. त्या मुलीचा विचार मनात येतो.

धाकटे, तू कोणती गोळी घ्यावीस हे मी सांगणार नाही. माझ्या वेळची औषधं वेगळी होती. डॉक्टरांना सगळं विचार, मला विचारलंस तसं. आणि सोडायची झाली तर त्यांना सांगून, हळूहळू सोड. नवस म्हणून तर मुळीच सोडू नकोस.

मावशीसारखी मी झाले नाही. भीती गेलेली नाही. हलगी लांबून ऐकू आली तरी मी टेकायला भिंत शोधते. आत्याबाईंचा अडकित्ता माझ्या औषधांच्या डब्यात आहे. खिळा सैल झाला आहे, पण धार शाबूत आहे.